दप्तरांत शस्त्र कोठून येतें?

गुरुवार तारीख ३० ऑक्टोबर २०२५ रोजीं पवईस जें घडलें तें मुंबईच्या उपनगरांतील वाचक अद्याप विसरले नसतील. वेब-मालिकेंत काम मिळेल ह्या आशेनें चांचणीसाठीं आलेल्या सतरा मुलांस एका माणसानें स्टुडिओंत कोंडून घातलें. शालेय शिक्षणखात्याच्या एका उपक्रमाचे आपले पैसे थकले आहेत अशी त्याची तक्रार होती, आणि तिच्यापायीं त्यानें पूर्वीं उपोषणहि केलें होतें. सुमारें तीन तासांनीं पोलीस आंत शिरले. मुलें सुखरूप सुटलीं आणि तो माणूस गोळी लागून मरण पावला. ती तक्रार खरी होती कीं खोटी, ह्याचा निवाडा करण्याचें हें स्थळ नव्हे. परंतु आमची दिंडोशी आणि पवई ह्यांच्यामध्यें आरेची झाडी काय ती आडवी आहे; आणि त्या संध्याकाळीं नागरी निवारा वसाहतींतील आया आपापल्या मुलांस शिकवणीवरून आणावयास ज्या लगबगीनें निघाल्या, ती पाहिल्यावर ‘असलें सगळें अमेरिकेंत होतें’ असें म्हणून हा विषय दूर सारण्याची सोय आतां आपणांस उरलेली नाहीं, हें उघड झालें.

आणि अमेरिका तरी आपणांस आतां परकी कोठें राहिली आहे? ज्या घरांतील मुलगा, लेक किंवा भाचा तिकडे नाहीं असें सुशिक्षित घर गोरेगांवापासून मुलुंडापर्यंत शोधूंच जावें लागेल. तेथील शाळांत बंदूकधारी मनुष्य शिरल्यास दिवे मालवून कोपऱ्यांत गप्प कसें बसावें, ह्याची तालीम मुलांकडून करून घेतात; आणि आपलीं नातवंडें ती हकीकत रविवारीं आजीला, कवाइतीच्या तासाची सांगावी तितक्या सहजपणें सांगतात. २० एप्रिल १९९९ रोजीं कोलोरॅडो संस्थानांतील कोलंबाइन शाळेंत दोन विद्यार्थ्यांनीं बारा विद्यार्थी व एक शिक्षक ह्यांस ठार केलें, तेव्हांपासून ह्या मालिकेकडे जगाचें लक्ष गेलें. १४ डिसेंबर २०१२ रोजीं सँडी हुक येथील शाळेंत सहा-सात वर्षांचीं वीस बालकें आणि सहा मोठीं माणसें मारलीं गेलीं. २४ मे २०२२ रोजीं टेक्सासांतील युव्हाल्डी येथें एकोणीस मुलें आणि दोन शिक्षिका. १६ एप्रिल २००७ रोजीं व्हर्जिनिया टेक विद्यापीठांत जीं बत्तीस माणसें बळी पडलीं, त्यांत तामिळनाडूंतून गेलेले एक प्राध्यापक होते, आणि मुंबईंत वास्तुविद्येची पदवी घेऊन पुढील अभ्यासासाठीं गेलेली एक तरुण मुलगीहि होती.

ह्या शेवटच्या प्रकरणाची चौकशी वाचण्यासारखी आहे. गोळ्या झाडणारा तेथलाच विद्यार्थी होता. त्याचें लिखाण पाहून इंग्रजीच्या अध्यापकांस आधींच धास्ती वाटली होती. एका प्राध्यापिकेनें त्याला वर्गाबाहेर काढून स्वतंत्रपणें शिकविलें आणि वरिष्ठांस कळविलेंहि. डिसेंबर २००५ मध्यें न्यायाधिकाऱ्यानें, तो स्वतःच्या जिवास धोका करील असें ठरवून, उपचार घेण्याचा हुकूम केला होता. तरीहि त्याला दोन पिस्तुलें दुकानांतून रीतसर विकत मिळालीं. अध्यापकांस एक गोष्ट ठाऊक, वसतिगृहास दुसरी, पोलिसांस तिसरी. आणि ह्या सर्वांची मोट बांधून पाहण्याचें काम कोणाचेंच नव्हतें.

महाराष्ट्रांत शिक्षणसंस्थेंतील गोळीबार म्हटला कीं इतिहास वाचणाऱ्यास २२ जुलै १९३१ हा दिवस आठवतो. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजच्या वाडिया ग्रंथालयांत वासुदेव बळवंत गोगटे ह्या विद्यार्थ्यानें हंगामी गव्हर्नर हॉटसन ह्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि हॉटसन बचावले. पण ती सोलापूरच्या लष्करी कायद्याच्या संतापांतून निघालेली राजकीय गोष्ट होती. आपल्या विषयाशीं तिचा संबंध केवळ स्थळापुरता आहे. म्हणून ती येथेंच सोडून देतों.

खरा संबंध आहे तो अलीकडच्या घटनांचा. ११ डिसेंबर २००७ रोजीं दिल्लीजवळ गुरगांव येथें आठवीच्या दोन मुलांनीं आपल्या वर्गबंधूला शाळेंतच गोळ्या घालून मारिलें; पिस्तूल एकाच्या बापाचें. ९ फेब्रुवारी २०१२ रोजीं चेन्नईस नववीच्या मुलानें शिक्षिकेला वर्गांत भोसकलें. तिनें लिहिलेले शेरे त्याला झोंबले होते. जानेवारी २०१८ मध्यें हरियाणांतील यमुनानगर येथें बारावीच्या विद्यार्थ्यानें मुख्याध्यापिकेवर गोळ्या झाडल्या. रिव्हॉल्व्हर पुन्हां बापाचेंच, आणि तेंहि परवान्याचें. ऑगस्ट २०२५ मध्यें तर लागोपाठ दोन दिवसांत दोन घटना झाल्या. अहमदाबादेस आठवीच्या मुलानें दहावीच्या मुलाला शाळेबाहेर भोसकलें आणि तो दगावला. दुसऱ्याच दिवशीं उत्तराखंडांतील काशीपूर येथें नववीच्या मुलानें जेवणाच्या डब्यांतून पिस्तूल आणून, आपल्याला थप्पड मारणाऱ्या शिक्षकावर तें झाडलें. महाराष्ट्रांत पिस्तुलापेक्षां कोयत्याची चलती अधिक. ऊंस तोडण्याचें हें अवजार २०२२-२३ च्या सुमारास पुण्याच्या रस्त्यांवर मिसरूडहि न फुटलेल्या मुलांच्या हातीं दिसूं लागलें. तें हातांत मिरवीत काढलेलीं चित्रें तीं मुलें मोबाइलवरून एकमेकांस दाखवूं लागलीं. आणि ‘कोयता गँग’ हा शब्द वर्तमानपत्रांत रोजचा होऊन बसला.

अशा बातम्या वाचल्यावर आपल्या घरोघर जी चर्चा होते तिचा सांचा ठरलेला असतो. आजोबा म्हणतात, छडी गेली आणि शिस्त गेली. वडील मोबाइलवरील खेळांस दोष देतात. काकू म्हणतात, आईला नोकरीमुळें मुलाकडे पाहावयास वेळ नसतो. ह्यांपैकीं प्रत्येक बोलण्यांत रतीभर तथ्य असेलहि. परंतु तेच खेळ जपानांतील मुलेंहि खेळतात आणि तेथील शाळांत बंदुका चालत नाहींत. तेव्हां कारण शोधावयाचें तर तर्कापेक्षां पुराव्याकडे गेलेलें बरें.

असा पुरावा अमेरिकेच्या ‘सीक्रेट सर्व्हिस’ ह्या खात्यानें गोळा केला. अध्यक्षांच्या जिवाचें रक्षण करणें हें ह्या खात्याचें मुख्य काम. म्हणून हल्ला करणारा मनुष्य हल्ल्याच्या आधीं कसा वागतो, ह्याचा अभ्यास त्याच्यापाशीं होता. तोच अभ्यास त्यानें शिक्षणखात्याच्या मदतीनें शाळांस लावला आणि १९७४ ते २००० पर्यंतच्या ३७ घटना व त्यांतील ४१ हल्लेखोर मुलें ह्यांचा अहवाल २००२ सालीं प्रसिद्ध केला. अशा मुलाचा एखादा ठरीव नमुना असेल अशी पुष्कळांची समजूत होती. तो नमुना कांहीं सांपडला नाहीं. कोणी अभ्यासांत हुशार, कोणी मागें पडलेला. कोणी एकलकोंडा, कोणी चारचौघांत मिसळणारा. कोणाचें घर मोडलेलें, तर कोणाचे आईबाप एकत्र नांदणारे. परंतु मुलांच्या स्वभावांत जें साम्य सांपडलें नाहीं, तें त्यांच्या मागील इतिहासांत सांपडलें. शेंकडा ७१ मुलें इतरांकडून छळलीं किंवा दुखावलीं गेलेलीं होतीं. शेंकडा ९८ मुलांनीं नुकतेंच कांहींतरी मोठें गमावलें होतें किंवा मोठें अपयश सोसलें होतें. शेंकडा ७८ मुलांच्या मनांत पूर्वीं आत्महत्येचा विचार येऊन गेला होता, किंवा तसा प्रयत्नहि झाला होता. शेंकडा ६८ मुलांनीं हत्यार स्वतःच्या घरून किंवा नातेवाइकाच्या घरून आणिलें होतें. आणि शेंकडा ८१ घटनांत, पुढें काय होणार हें निदान एका तरी माणसाला आधीं ठाऊक होतें. तें माणूस बहुतेक वेळां मित्र, वर्गबंधु किंवा भावंड होतें.

अमरकोशांत ‘मन्यु’ ह्या शब्दाचे अर्थ दैन्य, यज्ञ आणि क्रोध असे दिलेले आहेत. यज्ञ क्षणभर बाजूस ठेवूं. दैन्य आणि क्रोध ह्या दोहोंस आपल्या पूर्वजांनीं एकच शब्द कां लाविला असावा, ह्याचें उत्तर वरील ७८ ह्या आंकड्यांत आहे. जो मुलगा दुसऱ्याचा जीव घ्यावयास निघतो, तो पुष्कळदां आधीं स्वतःच्या जिवावर उदार झालेला असतो. क्रोध आपल्याला दिसतो, कारण तो आवाज करितो. दैन्य जेवणाच्या ताटावर गप्प बसलेलें असतें.

महाभारतांतील सौप्तिक पर्व ज्यांनीं वाचलें असेल त्यांस ह्या अहवालांत नवीन तें फारच थोडें वाटेल. कपटानें मारल्या गेलेल्या बापाचें दुःख अश्वत्थाम्याच्या पोटांत जळत होतें. रात्रीं वडाखालीं त्याला झोंप येईना. तेवढ्यांत एका घुबडानें झोंपलेल्या कावळ्यांचा संहार केलेला त्यानें पाहिला, आणि तीच युक्ति त्यानें उचलली. (एका शाळेंतील हत्याकांडाचीं वर्णनें वाचून दुसऱ्या गांवचा मुलगा तसेंच करावयास जातो, हा अनुभव कोलंबाइननंतर अनेकदां आला आहे, म्हणूनच ह्या लेखांत एकाहि हल्लेखोर मुलाचें नांव दिलेलें नाहीं.) पुढची गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. अश्वत्थाम्यानें आपला बेत लपवून ठेविला नाहीं. त्यानें आपल्या मामाला, कृपाचार्यांना, आणि कृतवर्म्याला उठवून तो सांगितला. मामांनीं उपदेश चांगला केला: आज झोंप घे, उद्यां वडील माणसांचा सल्ला घेऊं. परंतु भाचा ऐकत नाहीं असें पाहिल्यावर ते त्याला धरून बसले नाहींत, कोणाला कळवावयास गेले नाहींत. त्याच्या पाठोपाठ निघाले आणि शिबिराच्या दाराशीं उभे राहिले. आंत द्रौपदीचे पांच मुलगे झोंपलेले होते. आणि ज्या अस्त्रानें पुढें उत्तरेच्या गर्भावर घाला आला, तें त्याला कोणीं दिलेलें होतें? द्रोणाचार्यांनींच, मुलाच्या हट्टामुळें, स्वतःच्या मनाविरुद्ध, आणि माणसांवर सोडूं नकोस अशी ताकीद देऊन.

ताकीद देऊन दिलेलें अस्त्र म्हणजे काय, ह्याचें अगदीं आजचें उदाहरण अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत घडलें. ऑक्सफर्ड नांवाच्या गांवीं ३० नोव्हेंबर २०२१ रोजीं पंधरा वर्षांच्या मुलानें शाळेंत चार विद्यार्थ्यांस ठार केलें. पिस्तूल बापानें चारच दिवसांपूर्वीं विकत आणिलें होतें, आणि नाताळाची आगाऊ भेट म्हणून तें त्याला देऊं केलें होतें. त्या दिवशीं सकाळीं शिक्षिकेनें मुलाच्या अभ्यासाच्या कागदावर बंदुकीचें व रक्ताचें चित्र पाहिलें आणि मदत मागणारे शब्द वाचले. आईबापांस ताबडतोब बोलाविलें. ते आले, मुलाला घरीं नेण्यास त्यांनीं नकार दिला, घरीं पिस्तूल आणलें आहे हें सांगितलें नाहीं, आणि ते आपापल्या कामावर गेले. शाळेनेंहि दप्तर उघडून पाहिलें नाहीं. पिस्तूल त्या वेळीं दप्तरांतच होतें. सुमारें दोन तासांनीं तें बाहेर आलें. २०२४ सालीं न्यायालयानें आई आणि बाप दोघांसहि सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवून दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा दिली. मुलाच्या सामूहिक हत्येबद्दल आईबापांस अशी शिक्षा होण्याची अमेरिकेंतील ही पहिलीच वेळ होती.

हत्यारच हातीं पडलें नाहीं तर काय होतें, हें ब्रिटनमध्यें दिसून आलें. स्कॉटलंडांतील डनब्लेन येथें १३ मार्च १९९६ रोजीं सोळा बालकें व त्यांची शिक्षिका ह्यांस एका माणसानें मारिलें. १९९७ मध्यें खाजगी पिस्तुलें बाळगण्यास बंदी झाली. आणि त्यानंतर तेथील शाळेंत तसें गोळीबाराचें हत्याकांड झालेलें नाहीं. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र अधिनियम आहे. एकवीस वर्षांखालील माणसाला परवाना मिळत नाहीं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनें एका परवान्यावर तीनांऐवजीं दोनच शस्त्रें ठेवतां येतात. हा कायदा नसता तर वर दिलेली भारतांतील यादी किती लांबली असती कोण जाणे. परंतु परवाना बापाच्या नांवाचा आणि कपाटाची किल्ली देवघरांतील खुंटीला, अशा घरांत कायदा काय करणार? आपल्या वाचकांच्या घरीं बंदुका नसतीलच म्हणा. तिकडे परदेशीं मात्र आपलींच मुलें शेजाऱ्याच्या घरीं खेळावयास जातात. तेव्हां त्या घरीं शस्त्र आहे काय, आणि असल्यास तें कुलपांत असतें काय, हें विचारण्याचा संकोच तेथील मराठी आईबापांनीं करूं नये. अमेरिकन आया तो प्रश्न मोकळेपणें विचारूं लागल्या आहेत.

शाळेच्या दाराशीं हत्यारी पहारा ठेवा, असा एक उपाय नेहमीं पुढें येतो. मला त्याचा भरंवसा वाटत नाहीं. युव्हाल्डीच्या शाळेपाशीं एकंदर ३७६ शस्त्रधारी अधिकारी जमले होते, आणि मुलें होतीं त्या वर्गांत ते ७७ मिनिटांनीं शिरले. कोलंबाइन येथेंहि शाळेला नेमून दिलेला शस्त्रधारी अंमलदार होताच.

पहारेकऱ्यापेक्षां अधिक उपयोगाची गोष्ट म्हणजे तो ८१ चा आंकडा. मुलांना आधीं ठाऊक असतें. मग तीं सांगत कां नाहींत? ह्याचें उत्तर शिक्षकांनीं व घरांतील वडीलधाऱ्यांनीं स्वतःलाच विचारावें. मूल चार वर्षांचें झाल्यापासून आपण त्याला शिकवितों कीं चहाडी करूं नये. चहाडखोराला वर्गांत मित्र नसतो आणि घरांतहि मान नसतो. शिकवण चांगलीच आहे. परंतु तिच्या जोडीला दुसरा शब्द शिकवावयाचा राहून जातो, तो म्हणजे ‘वर्दी’. ज्या सांगण्यानें कोणाला मार बसावा एवढाच हेतु असतो ती चहाडी; आणि ज्या सांगण्यानें कोणाचा जीव वांचतो ती वर्दी. सांगावयाची वस्तु एकच असेल, पण कशासाठीं सांगावयाची हें निराळें. हा भेद सात वर्षांच्या मुलालाहि समजतो.

मी शिकवीत होतों त्या काळांत, गिरण्या बंद पडल्यानंतरच्या वर्षांत, नववीच्या वर्गांतील एक मुलगी मधल्या सुटींत माझ्यापाशीं आली आणि म्हणाली, “सर, ही चहाडी होईल, पण त्याच्या कंपासपेटींत सुरी आहे.” मुलगा शांत, मागच्या बांकावर बसणारा, बाप गिरणीकामगार, घरीं बसलेला. वाण्याच्या दुकानावर त्याला एकदां सर्वांदेखत उधारीवरून बोलणीं खावीं लागलीं होतीं, आणि तेव्हांपासून वर्गांतील चौघेजण त्याला ‘उधाऱ्या’ म्हणून हांक मारीत. मीं त्याला शिक्षकांच्या खोलींत बोलावून आधीं चहा दिला. सुरी त्यानें स्वतःच काढून टेबलावर ठेविली. कोणाला मारणार होतास असें मीं विचारिलें नाहीं. हें केव्हांपासून चालू आहे, एवढेंच विचारिलें. तो तासभर बोलला. त्याच्या मामाला निरोप पाठविला, कारण बापाजवळ तो बोलेना. त्या चौघांसहि बोलाविलें; आणि खरें सांगावयाचें तर त्या चौघांशीं बोलणें हें सुरीवाल्याशीं बोलण्यापेक्षां कितीतरी अवघड गेलें, कारण आपण कांहीं केलें आहे असें त्यांस वाटतच नव्हतें. त्या मुलीचें नांव मीं कोणाला सांगितलें नाहीं. येथेंहि सांगत नाहीं.

हाच भेद पाश्चात्त्यांनीं आतां व्यवस्थेंत आणिला आहे. कोलोरॅडोंत कोलंबाइननंतर मुलांस नांव न सांगतां खबर देण्याची सोय २००४ पासून चालू झाली. व्हर्जिनियानें प्रथम महाविद्यालयांस आणि नंतर, २०१३ सालीं, सर्व सरकारी शाळांस कायद्यानें असें बंधन घातलें कीं शिक्षक, समुपदेशक व पोलीस ह्यांचें एक मंडळ असावें आणि मुलानें धमकी दिली कीं त्या मंडळानें तिचा एकत्र विचार करावा. धमकी उगाच रागाच्या भरांत दिलेली आहे कीं तिच्यामागें बेत आहे, हें ठरवावयाचें, आणि मुलाला काढून टाकण्याआधीं त्याचें दुखणें काय तें पाहावयाचें. मुलाला शाळेंतून काढून टाकलें म्हणजे धोका टळतो, ही समजूत चुकीची आहे. त्याच्यावर ज्यांची नजर होती तींच माणसें तेवढीं त्याच्यापासून दूर होतात.

आतां आपल्या घरांकडे वळूं. एकत्र कुटुंबांत माणसें पुष्कळ, म्हणून मूल एकटें पडत नाहीं, असें आपण अभिमानानें सांगतों. पुष्कळ अंशीं तें खरेंहि आहे. परंतु माणसें पुष्कळ असलीं म्हणजे तुलनाहि पुष्कळ होतात, हें आपण विसरतों. दहावीचा निकाल लागला कीं चुलतभावाचे चौऱ्याण्णव टक्के आणि ह्याचे एकसष्ट टक्के एकाच पंगतींत वाढले जातात, आणि वाढणारी आजी मायेनेंच म्हणते, “तूं त्याच्याकडून कांहीं शीक.” दहा माणसांच्या घरांत प्रत्येकाला वाटतें कीं मुलाची चौकशी दुसऱ्या कोणीतरी केलीच असेल, व्हर्जिनियाच्या विद्यापीठांत जें झालें तेंच हें, फक्त घरगुती प्रमाणावर. मुलगा जेवणांतून लवकर उठूं लागला, एखाद्या मित्राचें नांव एकाएकीं त्याच्या तोंडून नाहींसें झालें, आवडती वस्तु त्यानें उगीच देऊन टाकली, ‘माझ्याशिवाय तुमचें कांहीं अडणार नाहीं’ असें तो थट्टेंत म्हणाला, तर ह्यांतली एक गोष्ट आईला, एक काकाला, एक धाकट्या बहिणीला दिसलेली असते. चौघांनीं तें एकमेकांस सांगितलें, तर उशीर होत नाहीं. आणि मुलाशीं बोलणारें माणूस बापच असलें पाहिजे असें नाहीं. मामा, आत्या, नुकतीच लग्न होऊन आलेली वहिनी, ज्याच्यापाशीं त्याचें तोंड उघडतें तेंच माणूस योग्य. रात्रीबेरात्रीं सल्ला हवाच असेल तर सरकारनें ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनि-सेवा चालू केली आहे; क्रमांक १४४१६, आणि ती मराठींतहि मिळते. बालकांसाठीं १०९८ हा क्रमांक त्याहून जुना आहे.

छडीविषयीं एक शब्द. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमानें शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोहोंसहि मनाई आहे. आमच्या पिढीचे पुष्कळ शिक्षक पहिल्या मनाईबद्दल कुरकुरतात आणि दुसरी वाचीतच नाहींत. चेन्नईच्या आणि काशीपूरच्या मुलांचें कृत्य कोणत्याहि शेऱ्यानें वा थपडेनें क्षम्य ठरत नाहीं, आणि त्या शिक्षकांवर दोष ठेवण्याचा माझा अधिकार नाहीं. पण चाळीस मुलांदेखत एकाचा पाणउतारा करणें हें शिस्तीचें साधन म्हणूनहि निरुपयोगी आहे, हें तीस वर्षें खडू हातांत धरलेला कोणीहि मनुष्य सांगेल. शेरा लिहावयाचा तर तो पाल्याला आधीं वाचून दाखवावा, मग पालकाला पाठवावा.

जुलै २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांसंबंधीं निर्णय देतांना असें बजाविलें कीं शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेनें निदान एक शिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक नेमावा. हा निर्णय आत्महत्येपुरता आहे असें वाटेल. पण मन्यूचे दोन्ही अर्थ ज्यानें ध्यानीं घेतले त्याला तो ह्याहि विषयाचा वाटेल. शंभराहून कमी मुलांची शाळा आमच्या दिंडोशीला शोधूनहि सांपडणार नाहीं. तेव्हां पुढील पालकसभेंत सहलीची वर्गणी आणि गणवेशाचें कापड ह्यांची चर्चा झाली कीं कोणी तरी उठून विचारावें: आपल्या शाळेंत असा समुपदेशक नेमला आहे काय, तो आठवड्यांतून किती दिवस येतो, मुलाला त्याच्याकडे जावयाचें तर वर्गशिक्षकाची चिठ्ठी लागते कीं काय, तक्रारपेटी कोणत्या जिन्यापाशीं लावली आहे, ती किती दिवसांनीं उघडतात, आणि तिची किल्ली कोणापाशीं असते.